यादी पक्की झाल्यावर एक प्रश्न विचारा

मनुष्यबळ विभागात आणि वित्त विभागात काम करणाऱ्या, तसेच नोकरकपातीच्या यादीवर शेवटची सही करणाऱ्या सर्वांना,

सविनय नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. गेली नऊ वर्षं मी पगारपत्रकं करते. कोणाची नोकरी संपली की त्याचा अंतिम हिशेब, ज्याला आपण सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतो, तो माझ्या टेबलावरून जातो. शिल्लक रजेचे पैसे, नोटीस काळाचा पगार, कापायचा कर, परत आलेल्या वस्तूंची नोंद, आणि शेवटी सही. असे किती कागद मी पुढे सरकवले त्याची मोजदाद नाही. तसाच एक कागद माझ्या घरी आला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो घरात बसून कसा वाचला जातो.

मला 29 वा आठवडा लागला होता. नवरा भर दुपारी घरी आला, बूट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘‘यादीत नाव आहे.’’ पत्र मी त्याच्या हातातून घेतलं. त्यात तारीख एकच होती, कामाच्या शेवटच्या दिवसाची. साधारण तीन आठवड्यांनंतरची. त्या शेवटच्या दिवशीच रात्री बारा वाजता आमचा दोघांचा वैद्यकीय विमाही संपणार होता, पण ते पत्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. मला ते माझ्या कामामुळे ठाऊक होतं. नवऱ्याला धीर द्यायच्या आधी मी मनातल्या मनात आठवडे मोजले, याची खंत मला अजून आहे. पण मोजले.

तुम्हालाही ते आठवडे मोजून दाखवते. गरोदरपण शेवटच्या पाळीपासून 40 आठवडे धरतात. गरोदर बाईची किमान आठ वेळा तपासणी व्हावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली केली. पहिली पहिल्या बारा आठवड्यांत, मग 20, 26, 30, 34, 36, 38 आणि 40 व्या आठवड्यात. या ओळीकडे नीट पाहिलं तर दिसतं की सुरुवातीचे सात महिने मिळून तीनच तपासण्या आहेत आणि उरलेल्या पाच शेवटच्या दहा-अकरा आठवड्यांत एकापाठोपाठ एक येतात. आमचा विमा 32 वा आठवडा भरताना संपत होता. चार तपासण्या, बाळंतपण आणि बाळाचे पहिले दिवस, सगळं त्या तारखेच्या पलीकडे. सात महिने विमा होता आणि त्याचा फारसा उपयोग करायची वेळ आली नव्हती.

दोन दिवस आम्ही पैशांचा विषय काढला नाही. तिसऱ्या रात्री वही घेऊन बसलो. पगारावर चालणाऱ्या घरात सगळं महिन्यांत मोजलं जातं. भाडं महिन्याचं, हप्ता महिन्याचा, पगारही महिन्याचा. पोटातलं बाळ मात्र आठवड्यांनी वाढतं. ही दोन मापं एका पानावर बसेनात, म्हणून आम्ही पैसेच आठवड्यांत मोजायला घेतले. हातात किती आहे हे न लिहिता, आहे तेवढ्यात किती आठवडे निघतील ते लिहायचं. अशा प्रसंगातून जाणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन, कारण मोठ्या रकमेकडे बघून माणूस निर्धास्त होतो आणि छोट्या रकमेकडे बघून हबकतो. आठवड्यांच्या आकड्यापुढे तसं होत नाही. त्यातून पुढे काय करायचं तेच दिसतं.

जमेच्या बाजूला बचत, त्याचा शेवटचा पगार, रजा सुरू होईपर्यंतचा माझा पगार आणि रजेच्या काळात मिळणारा त्याचा काही भाग. अंतिम हिशेबाची रक्कम मी लिहू दिली नाही. जो पैसा खात्यात आला नाही तो वहीत येणार नाही, हा नियम माझाच. तो हिशेब किती टेबलांवर अडकू शकतो हे त्या घरात मलाच माहीत होतं.

खर्चाच्या बाजूला आधी छप्पर, वीज, पाणी, जेवण, औषधं आणि तपासण्या. त्याखाली थांबवले तर पुढे महाग पडतील असे खर्च, म्हणजे कर्जाचा हप्ता आणि आयुर्विम्याचा हप्ता. मग बाकीचं. नवऱ्याने सगळ्यात आधी स्वतःचेच खर्च खोडले, इंटरनेट आणि मुलाखतींच्या प्रवासाचे पैसेसुद्धा. मी ते परत लिहिले. नोकरी शोधायला लागणारा खर्च हा शेवटी कापायचा खर्च आहे, पण नोकरी गेलेला माणूस आधी त्यालाच हात घालतो, कारण त्याला स्वतःवर पैसा घालवायची लाज वाटत असते. बाळाच्या सामानाची यादी आम्ही निम्म्याहून खाली आणली. कपडे, पाळणा, दुपटी हे सगळं वापरलेलं चालतं. गाडीत बसवायची लहान मुलांची खुर्ची मात्र कोणाकडून घ्यायची तर तिला कधी अपघाताचा धक्का बसलेला नाही याची खात्री हवी, त्यामुळे तेवढी ओळ तशीच ठेवली. साध्या बाळंतपणासाठी दवाखान्याने सांगितलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आणि त्या खात्याचं कार्ड कपाटात ठेवून दिलं.

बेरीज आली सतरा आठवड्यांची. म्हणजे ठरल्या तारखेला जन्म झाला तर बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंतची.

पण ठरली तारीख म्हणजे काय? शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला जन्मतात. 37 ते 42 हा सगळा काळ सर्वसाधारण धरतात, म्हणजे तब्बल पाच आठवड्यांची फट. जगभरात साधारण दहातलं एक बाळ 37 आठवड्यांच्याही आधी येतं. शस्त्रक्रिया लागली तर? बाळाला काही दिवस नवजात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर? त्यासाठी आमच्याकडे आकडाच नव्हता, म्हणून सतरातून चार आठवडे वजा करून दुसरं उत्तर लिहिलं. तेरा. म्हणजे 42 व्या आठवड्यापर्यंत. त्या पानावर रकमांपेक्षा तारखांची खाडाखोड जास्त आहे. पगार गेल्याचा धक्का मोठा होताच, पण आमचं सगळं नियोजन पुन्हा पुन्हा कोसळलं ते एकही तारीख पक्की नसल्यामुळे. बाळाची तारीख कोणालाच सांगता येत नाही, ते आम्ही मान्य केलं होतं. बाकीच्या तारखा तुमच्यासारख्या माणसांच्या हातात होत्या.

पहिली तारीख विम्याची. आम्ही नवी पॉलिसी घ्यायचा प्रयत्न केला. आधीच असलेलं गरोदरपण ती धरणार नव्हती, आणि बाळंतपणासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ, माझ्या उरलेल्या आठवड्यांच्या कितीतरी पट होता. मग नवऱ्याने कार्यालयाला लिहिलं की हप्ता आम्ही भरतो, फक्त बाळंतपण होईपर्यंत आमची नावं काढू नका. उत्तर आलं तेव्हा शेवटचा दिवस उलटून चार दिवस झाले होते आणि नावं निघाली होती. उत्तर लिहिणाऱ्याचा मला राग नाही. दर महिन्याला नोकरी सोडून गेलेल्यांची यादी विमा कंपनीकडे जाते आणि ‘विमा समाप्ती’च्या रकान्यात कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख जशीच्या तशी उतरवली जाते. मीही तसंच करत आले. गटविम्याचा करार करतानाच नोकरी संपल्यावरचे काही महिने मागून घ्यायला हवेत, हे नऊ वर्षांत माझ्या एकाही बैठकीत कोणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. एका कुटुंबाचा काही महिन्यांचा हप्ता तुमच्या ताळेबंदात शोधूनही सापडणार नाही. आमच्या वहीत तो चार आठवड्यांचा होता.

कर्जाचं तुलनेने लवकर सुटलं. पहिला हप्ता चुकायच्या आधीच आम्ही कर्ज देणाऱ्यांकडे पत्र घेऊन गेलो. हप्ता चुकण्याआधी गेलं तर आपण ग्राहक असतो, नंतर गेलं तर वसुलीची फाईल होतो. काही महिने हप्ता कमी करून मिळाला. व्याज माफ झालं नाही, मुदत वाढली, म्हणजे एकूण परतफेड वाढली, आणि ते समजूनच आम्ही सही केली. क्रेडिट कार्ड वापरायचं नाही हे आधीच ठरलं होतं. त्यावरची किमान रक्कम भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही.

आता दुसरी तारीख, अंतिम हिशेबाची. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

नवऱ्याला 45 दिवसांत पैसे मिळतील असं तोंडी सांगितलं गेलं. मी कॅलेंडर पाहिलं, तर 45 वा दिवस 39 व्या आठवड्यात पडत होता. म्हणजे सगळं वेळेवर झालं तर बाळाच्या थोडं आधी. आता आपल्या बाजूने हा प्रवास कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. ‘नो ड्यूज’च्या, म्हणजे काही देणं बाकी नाही असं सांगणाऱ्या, कागदावर प्रत्येक विभागाची सही लागते. संगणक परत आला की यंत्रविभाग सही करतो, ओळखपत्र आलं की सुरक्षा विभाग, प्रवासखर्चाची बिलं मिटली की वित्त विभाग. सगळ्या सह्या झाल्या की कागद माझ्यासारख्या कोणाकडे येतो, आणि ती त्या महिन्याची पगाराची घाई संपल्यावर तो हातात घेते. एकजण रजेवर गेला की कागद आठ दिवस पडून राहतो. त्या कागदाकडे कोणी दुष्टपणाने बघत नसतं, पण कोणाचा त्याच्याकडे डोळाही नसतो. नवऱ्याचा कागद संगणकाच्या चार्जरसाठी थांबला. चार्जर त्याने पहिल्याच दिवशी संगणकाबरोबर दिला होता, पोचपावतीवर मात्र फक्त ‘संगणक’ लिहिलं होतं.

आणि पैशांपेक्षाही अडलं ते कार्यमुक्तीचं पत्र. आपल्याकडची पद्धत अशी की अंतिम हिशेब झाला की मगच ते द्यायचं. नवऱ्याला 35 व्या आठवड्यात एका ठिकाणी होकार मिळाला होता. रुजू व्हायला त्यांना जुन्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र हवं होतं. म्हणजे चार्जरसाठी हिशेब अडला, हिशेबासाठी पत्र अडलं आणि पत्रासाठी नवा पगार अडला. त्या दिवसांत तो रोज सकाळी नेहमीच्या वेळेला उठून, दाढी करून, फोनसमोर बसायचा. मी 36 व्या आठवड्याच्या तपासणीला गेले तेव्हा रक्तदाब चढलेला होता. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही ताण आहे का? मी नाही म्हटलं.

आमची मुलगी 37 आठवडे पाच दिवस भरले असताना जन्मली. शस्त्रक्रिया लागली. ती ठणठणीत आहे, हे आधी सांगते. वेगळ्या खात्यातली रक्कम पुरली नाही आणि वरचे पैसे माझ्या भावाने दिले. दादाने एकदाही ‘कधी देणार’ विचारलं नाही, पण वहीत ती रक्कम मी पहिल्या ओळीवर लिहिली. अंतिम हिशेबाचे पैसे आले तेव्हा मुलगी 19 दिवसांची होती, म्हणजे दिलेल्या शब्दानंतर दोन आठवड्यांनी. रक्कम बरोबर होती, अगदी पैशापर्यंत. मी स्वतः तपासली.

रात्री तिला पाजताना फोनवर कामगारांसाठीचे जुने आंतरराष्ट्रीय करार वाचायची मला सवय लागली. 1919 साली वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेची पहिली बैठक झाली. तिथे झालेल्या करारांपैकी दुसरा बेरोजगारीवर आहे आणि तिसरा बाळंतपणावर. एकापाठोपाठ एक, एकाच बैठकीत. तिसऱ्या करारात एक वाक्य आहे, ते मी त्या रात्री दोनदा वाचलं. प्रसूतीची तारीख सांगण्यात डॉक्टरांची चूक झाली तरी प्रत्यक्ष प्रसूतीपर्यंतचे बाईचे पैसे बुडता कामा नयेत, अशा अर्थाचं. बाळाची तारीख चुकते आणि त्या चुकीचा भार बाईवर टाकायचा नाही, एवढं शंभर वर्षांपूर्वी कागदावर आलेलं होतं. बाळंतपणावरच्या 2000 सालच्या करारातही तेच तत्त्व आहे. त्यात किमान चौदा आठवड्यांची रजा आहे, आणि बाळ उशिरा आलं तर आधीची रजा तेवढी वाढते, नंतरची सक्तीची रजा त्यासाठी कापायची नाही.

हे सगळं बाळंत होणाऱ्या बाईच्या पगाराबद्दल आहे. गरोदर बाईची नोकरी काढताना मालकाला दहा वेळा विचार करावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच बाळाचं अर्धं घर ज्या दुसऱ्या पगारावर उभं आहे, तो काढताना कोणाला काही विचारावं लागत नाही. नोकरीवरून काढण्याबद्दलच्या 1982 च्या आंतरराष्ट्रीय करारात कौटुंबिक जबाबदाऱ्या हे नोकरीवरून काढण्याचं वैध कारण असू शकत नाही असं म्हटलं आहे. आमच्या बाबतीत ते कारण नव्हतंच. नवऱ्याचा सगळा विभागच बंद झाला होता. त्याच्या घरी काय चाललंय हे यादी करणाऱ्यांना माहीतही नसावं.

म्हणून मी तुमच्याकडे त्याची नोकरी वाचवण्याची मागणी करत नाही. ज्याच्या घरी बाळ येणार आहे त्याचं नाव खोडून ज्याची आई आजारी आहे त्याचं नाव लिहा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? यादी करताना घरची माहिती विचारूच नका, कारण तीच माहिती उद्या एखाद्याला आधी काढण्यासाठी वापरली जाईल, ही भीती खरी आहे. मुलाखतीत तर मुळीच विचारू नका. पण यादी पक्की झाल्यावर, पत्र हातात देताना, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: येत्या सहा महिन्यांत तुमच्या घरी बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा चालू असलेला उपचार आहे का, ज्यासाठी विमा लागेल? उत्तर द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. कोणी हो म्हटलं, तर त्याची विमा समाप्तीची तारीख त्या कारणाप्रमाणे ठरवा आणि पत्रातच लिहा.

त्याच पत्रात हिशेब चुकता करण्याची तारीखही लिहा. ‘साधारण’, ‘लवकरच’, ‘प्रक्रिया पूर्ण झाल्यावर’ हे शब्द वहीत लिहिता येत नाहीत. दोन महिने लागणार असतील तर दोन महिने लिहा. उशिराची पण पक्की तारीख आम्हाला चालली असती, तिच्याभोवती आम्ही घर लावलं असतं. वस्तूंची पोचपावती घेताना एकेक वस्तू लिहून त्याच्यासमोर सही करा. आणि कार्यमुक्तीचं पत्र हिशेबापासून तोडा. माणूस तुमच्याकडे कामाला नाही, हे सांगायला चार्जर मिळेपर्यंत थांबायची गरज नसते. ज्या घरांत बाळ येणार नाही, त्यांनाही याचा उपयोग होईल.

जे नव्याने नोकरी देतात त्यांच्यासाठी दोन ओळी. नवऱ्याने नव्या ठिकाणी बाळाबद्दल सांगितलं नव्हतं. आलेला होकार जाईल अशी त्याला धास्ती होती. जन्मानंतर त्याने धीर करून फोन केला आणि रुजू व्हायला दोन आठवडे मागितले. पलीकडून एक बाई म्हणाल्या, ‘‘तीन घ्या. आणि जुन्या ठिकाणचं पत्र नंतर आणून द्या.’’ एवढंच. ते पत्र नंतर आणून दिलेलं त्यांना आधीही चाललं असतं, फक्त आम्ही विचारायला हवं होतं. जो माणूस नोकरी शोधतोय तो अशा गोष्टी विचारत नाही. तुम्हीच आधी सांगून टाका.

माझी रजा येत्या सोमवारी संपते. अंतिम हिशेबाच्या तक्त्यात मी चार रकाने वाढवून माझ्या साहेबांना पाठवले आहेत: विमा कुठपर्यंत, हिशेबाची तारीख, कार्यमुक्तीचं पत्र दिल्याची तारीख, परत आलेल्या वस्तू एकेक करून. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, बैठकीत बोलू म्हणाले आहेत. टेबलावर सात फाईल थांबल्या आहेत असं मैत्रिणीने कळवलं आहे. त्यातल्या प्रत्येकाला मी सोमवारी सकाळी आधी फोन करणार आहे.

आपली,
पगारपत्रकं करणारी एक सहकारी,
साडेतीन महिन्यांच्या मुलीची आई